रविवारची किल्ली

सोमवारी सकाळी मी गाडीच्या दाराला हात लावला आणि गाडीनं ओळखच दाखवली नाही. एरवी मी किल्ली घेऊन जवळ गेले की तिचे मिटलेले आरसे कान टवकारल्यासारखे उघडायचे आणि पुढचे दिवे एकदा लुकलुकायचे. त्या दिवशी काहीच नाही. पोर्चमध्ये कुणी पांढरं कपाट आणून ठेवावं तशी ती ढिम्म उभी होती.

"परत?" अक्कांनी दारातून विचारलं.

"परत."

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. माझा डबा द्यायला त्या रोज पोर्चपर्यंत यायच्या. तो डबा त्यांनी तसाच पोटाशी धरला आणि त्या पायरीवर बसल्या. त्यांना माझ्यापेक्षा मोठा धक्का बसलेला दिसत होता, आणि मला त्याचं जरा नवल वाटलं.

या गाडीच्या किल्लीच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली लपवलेली असते. ती ओढून काढताना बटणांच्या खाचेत गुलाबी पूड दिसली. मी शाळेत विज्ञान शिकवते, माझे हात कायम खडूचे. ओढणीला पुसून मी दार उघडलं, बॉनेट उघडलं आणि आतल्या लहान बॅटरीला मीटर लावला. आकडा इतका खाली होता की विचारायची सोय नाही.

इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात हे ती घेईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. गाडी पळवते ती मोठी, पायाखाली अंथरलेली. पण दारं, दिवे, आरसे आणि मुख्य म्हणजे मोठीला जागं करायचं काम चालतं बॉनेटखालच्या एका लहान बॅटरीवर, पेट्रोलच्या गाडीत असते तसल्याच. मोठी काठोकाठ भरलेली असली तरी लहानी बसली की गाडी बसली. शेजारच्या मगदूमकाकांना मी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे कोठी धान्यानं भरल्याली, आणि कुलूप काढायचं ते शेंबड्या पोरानं."

हे मगदूमकाका आपल्या जीपची बॅटरी वायरीनं जोडून माझी गाडी उठवून द्यायचे. आधी दोनदा त्यांनीच उठवली होती. त्या सोमवारी ते नेमके लग्नाला बेळगावला गेलेले. मी एसटीनं शाळेला गेले.

आम्ही मिरजेत राहतो. माझी शाळा तेव्हा कवठेमहांकाळच्या पुढं, माळावरच्या एका गावात होती. बदली झाली तेव्हा सगळे म्हणाले, तिथं खोली घेऊन राहा. माझे यजमान श्रीधर मस्कतला नोकरीला. घरात आम्ही दोघीच, मी आणि अक्का. अक्का घर सोडायला तयार नव्हत्या, आणि मला अक्कांना सोडायचं नव्हतं. त्यांना रोज संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन लागायचं. त्यांचे हात थरथरत, म्हणून ते मी द्यायची. रोज संध्याकाळच्या आत घरी पोचता यावं, एवढ्यासाठीच आम्ही ती गाडी घेतली होती.

त्या संध्याकाळी माझी परतीची एसटी चुकली. पुढची मिळून घरी येते तो दाराला कुलूप. अक्कांनी वाट बघून बघून इंजेक्शन स्वतःच घेतलं होतं. घेतलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा एकदा घेतलं. मगदूमकाकू दही मागायला आल्या म्हणून निभावलं. त्यांनी घामानं भिजलेल्या अक्कांच्या तोंडात साखर कोंबली आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून शैलावन्सं आल्या. माझ्या थोरल्या नणंद. बँकेत अधिकारी होत्या, बोलणं मोजकं आणि सही केल्यासारखं. दवाखान्याच्या बोळात त्यांनी मला आवाज न चढवता विचारलं की अशा गाडीच्या भरवशावर आईला किती दिवस ठेवायचं. मी सांगितलं, गाडी उठवायचं एक खोकं मिळतं, ते मागवते.

"उज्ज्वला, खोक्याच्या भरवशावर आई ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या. "गणपतीच्या आधी मी येते. तोवर ही गाडी पुन्हा एकदा जरी बंद पडली, तर मी आईला पुण्याला नेणार. मग कुणी मध्ये पडायचं नाही."

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. दार उघडंच होतं आणि खाटेवर अक्का डोळे मिटून पडल्या होत्या. पापण्या मात्र हलत होत्या.

माहेरी मला चौकशी अधिकारी म्हणत. घरातलं घड्याळ मागं का पडतं, मांजर एकाच पायरीवर का बसतं, याचं कारण कळेपर्यंत मला अन्न गोड लागत नसे. आता तर अक्कांचं घर त्या कारणावर अडकलं होतं. मी कंबर कसली.

पहिला संशय काचेवरच्या कॅमेऱ्यावर. गाडी बंद असतानाही तो चोरून वीज पीत असेल. काढून टाकला. दुसरा संशय माझ्या नवऱ्यावर. गाडीचं एक ॲप असतं, त्यावर गाडी कुठं आहे, किती चार्ज आहे ते दिसतं. श्रीधर मस्कतहून दिवसातून दहा वेळा ते उघडून बघायचे, आणि दर वेळी गाडी दचकून उठून त्यांना उत्तर द्यायची. मी त्यांना ते फोनमधून काढायला लावलं. "बायकोची खबर घ्यायची तर बायकोला फोन करा," असं सुनावलं. तिसरा संशय खुद्द बॅटरीवर. कंपनीच्या माणसांनी ती बदलून नवी घातली.

नवी बॅटरीही एका सोमवारी मेली. मगदूमकाका घरी होते, त्यांनी उठवून दिली, आणि अक्कांनी त्यांच्या हातापाया पडून हे शैलाला कळवू नका म्हणून सांगितलं. काकांनी नाही कळवलं. काकूंनी कळवलं.

पण त्या वेळी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. गाडी मरते ती सोमवारीच. मधल्या वारी सकाळी बॅटरी जराशी उतरलेली असायची, पण चालायची, आणि गाडी सुरू झाली की मोठी बॅटरी लहानीला पुन्हा भरून द्यायची. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ गाडी उभी राहिली की मात्र संपलं. बरं, नुसती उभी राहून मरावी, तर त्या दिवसांत एकदा अक्कांच्या इंजेक्शनला दवाखान्यातली नर्स लावून मी चार दिवस शाळेच्या सहलीबरोबर गेले होते, किल्ली माझ्या पर्समध्ये, गाडी पोर्चमध्ये. परत आले तर गाडी टुणटुणीत. म्हणजे मी घरी असले की ती मरत होती. हे मात्र माझ्या विज्ञानात बसेना.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी वन्सं आल्या त्या ठरवूनच. आल्याआल्या त्यांनी अक्कांची बॅग भरली. नऊवारी लुगडी, औषधं, स्वेटर, आणि वर जागा उरली म्हणून त्यात स्वतःची शालही घातली. बॅगेला पितळी कुलूप लावलं आणि त्याची बारकी किल्ली अक्कांच्या हातात ठेवली. अक्कांनी ती बटव्यात टाकली, आणि मग त्या बोलल्या.

"शैला, परवा सोमवार हाय. तेवढा बघ. गाडी आपल्या पायानं गेली तर मी ऱ्हाते. न्हाई गेली तर दुपारच्या गाडीनं तुझ्यासंगं येते. मग रडणार न्हाई."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. हा एक सोमवार."

आमच्या गाडीनं आपल्या पायानं सोमवार गाठला तो कधी, हे मला आठवत नव्हतं.

रविवारी सकाळी मी उठल्याउठल्या मीटर लावला. आदल्या संध्याकाळी बॅटरी भरलेली होती, एका रात्रीत चांगली उतरली होती. म्हणजे चोर रात्रीचा येत होता, आणि रविवारी कदाचित दिवसाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून एक चिमटा आणला होता. तो तारेभोवती नुसता धरला की तारेतून किती वीज वाहते ते दाखवतो. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी एक खिळा आहे, गाडीची किल्ली कायम त्यावर असते. ती घेऊन बॉनेट उघडलं, किल्ली परत खिळ्याला लावली, आणि पोर्चमध्ये स्टूल टाकून, तारेला चिमटा अडकवून पहारा करत बसले.

दिवसभर काही नाही. आकडा जवळजवळ शून्य. गाडी लेकरासारखी गाढ झोपलेली. अक्का मात्र दिवसभर आत-बाहेर करत होत्या. मला चहा हवाय का, उन्हात कशाला बसलीस, जरा पड की, असं चाललं होतं. दुपारी त्या तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी म्हटलं, अक्का, चोर पकडायला बसलेय, तुम्ही असा आवाज केला तर तो येणार नाही. त्या आत गेल्या.

संध्याकाळी वन्सं बाजारात गेल्या. पुण्याला न्यायला बेदाणे आणि हळद घ्यायची होती, सोमवारचा निकाल त्यांनी धरूनच ठेवला होता. घरात अक्का दिवा लावायच्या तयारीत होत्या. उदबत्तीचा वास आला, घंटा वाजली. आणि माझ्या कानाशी बारीकसा घर्र आवाज झाला.

गाडीचे आरसे उघडत होते.

मी दचकून मागं बघितलं. कुणी नव्हतं. फाटक बंद, रस्ता रिकामा. तरी दिवे एकदा लुकलुकले. चिमट्यावरचा आकडा बघता बघता वर चढला आणि तिथंच राहिला. कुणी आलेलं नव्हतं, पण गाडीला कुणीतरी आलंय असं वाटत होतं. माझ्या अंगावर काटा आला, भीतीनं नव्हे, आता कळणार म्हणून.

गाडी उभी होती ती बैठकीच्या भिंतीला लागून. त्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, बरोबर गाडीच्या दारासमोर, आमचा देव्हारा आहे.

मी धावत आत गेले. अक्का देव्हाऱ्यासमोर उभ्या होत्या. ताम्हनात ज्योतिबाचा टाक, त्यावर गुलाल, आणि टाकाशेजारी गुलालात बसवलेली गाडीची किल्ली. मला बघून त्यांनी ती झटकन उचलून पदराखाली घेतली.

"जागेवर ठेवणार हुते गं," त्या म्हणाल्या. "रोज ठेवतेच की, तू उठायच्या आत."

"रोज?"

"रोज सांजच्याला. दिवा लावून देव्हाऱ्याची दारं लोटून घेतली की तुला कुठं दिसतंय. रविवारी दिवसभर. त्याचा वार असतोय न्हवं."

आता त्या वेळी मी गप्प बसायला हवं होतं. पण कोडं सुटलं की माझी जीभ माझ्या आधी धावते. मी तिथंच नाचायच्या बेतात होते. म्हटलं, अक्का, सापडलं, हेच ते. ही किल्ली नुसती किल्ली नाही, ती सारखी हळू आवाजात गाडीला हाक मारते. जवळ आली की गाडीला वाटतं मी दाराशी आले, म्हणून ती जागी होते. किल्ली भिंतीआड रात्रभर राहिली की गाडी रात्रभर अर्धवट जागी. रविवारभर राहिली की लहान बॅटरी पार रिकामी, आणि सोमवारी…

सोमवारी म्हणताना मला त्यांचा चेहरा दिसला आणि मी थांबले.

अक्का हळूच पाटावर बसल्या. पदराखालची किल्ली त्यांनी काढून जमिनीवर ठेवली, आपल्यापासून जरा लांब.

"मे महिन्यात पुण्याला घरभरणीला गेलो हुतो, आठवतंय? गाडी इथं उभी हुती. आल्यावर पैल्यांदा बंद पडली. तवापासनं ठेवतीया."

आठवत होतं. त्या वेळी डिकी नीट लागली नव्हती, आतला दिवा पंधरवडाभर जळत राहिला होता. अगदी साधं कारण, आणि तेव्हाच संपलेलं. पुढचं सगळं किल्लीमुळं.

"तू सांजच्याला घरी यावीस म्हणून ठेवत हुते," अक्का म्हणाल्या. "मला पुण्याला जायला लागू नये म्हणून. बंद पडली की मी अजून येळ ठेवायची. दवाखान्यातनं आल्यावर तर रविवार सोडला न्हाई एक. म्हंजी मी जेवढं मागितलं, तेवढं…"

मला इतकं वाईट वाटलं की हातातला चिमटा खाली ठेवून मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. रोगापेक्षा औषध जालीम, ही म्हण माझ्या ओठांवर आली होती. एरवी मी ती ऐकवली असती. त्या दिवशी गिळली.

"तो दवाखानासुदीक माझ्यामुळंच की गं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही अक्का, एसटी चुकली ती माझी. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या जमिनीवरच्या किल्लीकडे बघत होत्या. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी ती एका बोटानं जराशी ढकलली, विंचू मेलाय की जिवंत आहे ते बघावं तशी.

"खरंच नुसती जवळ आली की तिला कळतंय?"

"कळतं."

"मधी भिंत असली तरी?"

"तरी."

"दाव."

आणि आम्ही सासू-सुनांनी तो प्रयोग केला. अक्कांना मी पोर्चमध्ये स्टुलावर बसवलं आणि किल्ली घेऊन मागच्या दाराशी गेले. तिथून पाऊल पाऊल पुढं यायचं, आणि आरसे उघडले की त्यांनी ओरडायचं. स्वयंपाकघर संपलं तरी बाहेरून आवाज नाही. बैठकीच्या मध्यावर आले तरी नाही. देव्हाऱ्यापाशी हात पुढं केला तशी बाहेरून हाक आली, "उघडलं!" पुन्हा मागं गेले, पुन्हा आले. "उघडलं बघ!" मग त्यांना स्वतः करून बघायचं होतं. त्या पदराखाली झाकून किल्ली घेऊन आल्या, गाडीनं ओळखलं. उशीच्या खोळीत घालून आणली, ओळखलं. स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावून आणली, तेव्हा मात्र गाडी झोपलेलीच राहिली.

अक्कांनी डबा कानाशी धरून हलवून बघितला. त्यांचे डोळे शाळेतल्या पुढच्या बाकावरच्या मुलींसारखे झाले होते. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं, आणि तेही अशा दिवशी.

मी म्हटलं, मग झालं तर, डब्यात घालून ठेवत जा देवापुढं.

"झाकल्याली वस्तू देवाला कशी दिसंल?" अक्का म्हणाल्या, आणि डबा माझ्या हातात दिला. "लाव ती खिळ्याला. ऱ्हाऊ दे."

आदल्या रात्री उतरलेली बॅटरी भरून काढायला गाडी तासभर चालवायला हवी होती. मी अक्कांना म्हटलं, चला, लहानीला औषध पाजून येऊ. आम्ही कृष्णेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. जाताना त्यांनी विचारलं, ही लबाडी तर नव्हे ना, शैलाला शब्द दिलाय. मी म्हटलं, आजाऱ्याला बरं करणं ही लबाडी नव्हे.

"शैलाला सांगू नगंस," त्या एकदम म्हणाल्या.

"किल्लीचं? वन्सं हसतील म्हणून?"

"हसू दे की. हसण्याचं काय न्हाई. पर ती म्हणंल, आईला आता काय समजंना झालंय. सुई दोनदा घेती, किल्ली देवाजवळ ठिवून गाडी बंद पाडती. मग ती मला सोमवारपत्तुर बी ठेवायची न्हाई."

त्या बरोबर बोलत होत्या. वन्संना मी ओळखून होते. मी नाही सांगितलं.

घरी आलो तेव्हा वन्सं येऊन बसल्या होत्या. कुठं गेला होता विचारल्यावर अक्का म्हणाल्या, फिरायला. मी किल्ली खिळ्याला अडकवली. झोपायच्या आधी अक्का पुन्हा देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि दारं लोटायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मी उठून खिळा बघून आले. किल्ली जागेवर होती.

तरी मला झोप कसली. कारण सापडलं म्हणून आनंद, आणि ते चुकीचं निघालं तर, म्हणून धास्ती. विज्ञानाच्या बाईंनी असं म्हणू नये, पण त्या रात्री मीही ज्योतिबाला हात जोडले. हातात काही न घेता.

सकाळी आम्ही तिघी पोर्चमध्ये होतो. वन्सं आंघोळ करून, केस विंचरून तयार. बॅग दारात. मगदूमकाका कुंपणापलीकडे जीपच्या वायरी हातात घेऊन उभे, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. अक्का डबा धरून पायरीवर.

मी खिळ्यावरची किल्ली घेतली आणि बाहेर आले. गाडी चार पावलांवर राहिली तरी हलली नाही. तीन. मी अक्कांकडे बघायचं टाळलं. आणखी एक पाऊल टाकलं, आणि आरसे उघडले. दिवे लुकलुकले. आत बसून बटण दाबलं तशी समोरची पाटी उजळली. या गाडीला आवाज नसतो, त्यामुळं ती सुरू झाली हे मला एकटीलाच कळलं. म्हणून मी गाडी हातभर पुढं घेतली.

कुंपणापलीकडून मगदूमकाका म्हणाले, "चांगभलं."

वन्सं थोडा वेळ गाडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शब्द म्हणजे शब्द. आई, राहा तू." त्यांना वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, दोन्ही चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांना आठवलं. "माझी शाल तेवढी दे त्यातली. किल्ली कुठंय बॅगेची?"

"देवाजवळ हाय," अक्का म्हणाल्या.

वन्सं आत गेल्या, मी त्यांच्या मागं. देव्हाऱ्याची दारं उघडली तर टाकाशेजारी, जिथं रोज गाडीची किल्ली बसायची तिथं, बॅगेची बारकी पितळी किल्ली गुलालात गळ्यापर्यंत रोवलेली.

"ही इथं कशाला?"

"ऱ्हाऊ दे तितंच," दारातून अक्का म्हणाल्या. "शाल थंडीत लागंल न्हवं? थंडीत ये, मग काढू."

वन्सं थंडीत आल्या. पुढच्या थंडीतही आल्या. दर वेळी शालीचा विषय निघायचा आणि दर वेळी अक्का म्हणायच्या, बघू की, अजून तेवढी थंडी न्हाई. वन्संनी दुसरी शाल घेतली. अक्का त्याच घरात, त्याच पायरीवरून मला डबा देत आणखी पाच वर्षं राहिल्या, आणि एका पहाटे झोपेतच गेल्या. गाडी त्यानंतर कुठल्याच सोमवारी मेली नाही. मी दर महिन्याला लहान बॅटरीला मीटर लावते, तिच्या टोकांवरची पांढरी बुरशी सोड्याच्या पाण्यानं पुसून काढते, वर व्हॅसलिनचं बोट लावते. एवढंच मागते ती.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर मी वन्संना सगळं सांगितलं. किल्ली, रविवार, डब्याचा प्रयोग. त्या आधी नुसत्या ऐकत होत्या. मग हसायला लागल्या, इतक्या की डोळ्याला पदर लावला, आणि तो बराच वेळ काढला नाही.

"आई सगळं देवाकडं मागायची," त्या म्हणाल्या, "मला म्हणाली असती एकदा, नको नेऊस म्हणून."

"म्हणाल्या होत्या की. एक सोमवार बघ म्हणाल्या होत्या."

वन्सं उठल्या आणि देव्हाऱ्यापाशी गेल्या. ती बारकी किल्ली त्यांनी उचलली. गुलाल तिच्या दातांत घट्ट बसला होता. बॅग माळ्यावर होती. मला वाटलं आता त्या म्हणणार, काढ खाली, एकदा उघडून बघू. त्यांनी किल्ली थोडा वेळ तळहातावर धरली, आणि होती तिथं ठेवून दिली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिला जायचं नव्हतं."

मला पुढं मिरजेजवळची शाळा मिळाली. श्रीधर परत आले. गाडी तीच आहे, तिची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरच असते आणि ती तिथून हलवायची कुणाला परवानगी नाही. फक्त रविवारी संध्याकाळी दिवा लावताना मी ती काढते आणि जराशी देव्हाऱ्याजवळ नेते. भिंतीपलीकडे आरसे उघडल्याचा आवाज येतो. तो ऐकून झाला की मी किल्ली परत खिळ्याला अडकवते.